मार्गदर्शनाखाली बुडी

पैठण रस्त्यावरील अमृतकुंभ गृहनिर्माण संस्थेत नळाला पाणी येण्याचा दिवस सणासारखा पाळला जातो आणि मधले दिवस टँकरच्या आशेवर काढले जातात. अशा संस्थेतील एका सभासदाला पाण्याखाली जाण्याची गरज भासत आहे, ही बाब कार्यकारिणीच्या कानावर आली तेव्हा तिची गंभीर दखल घेण्यात आली. आमच्याकडे पाण्याशी संबंधित प्रत्येक गोष्ट गंभीरच असते.

सदर सभासद म्हणजे दुसऱ्या मजल्यावरची विशाखा खरात. एका खासगी दवाखान्यात फिजिओथेरपिस्ट. लोकांचे आखडलेले खांदे सोडवणे हा तिचा पेशा. गेल्या वर्षी सुट्टीत ती अंदमानला गेली. इतर लोक तिथून शंखशिंपले आणतात. ही फ्रीडायव्हिंग घेऊन आली. पाठीवर सिलिंडर नाही, तोंडात नळी नाही. एक श्वास घ्यायचा, दोरीच्या कडेने शांतपणे खाली जायचे आणि त्याच श्वासात परत यायचे. पुढच्या महिन्यात तिथे तिची वरच्या पायरीची परीक्षा होती. या विद्येत वरची पायरी आणखी खाली असते, हे समजून घ्यायला आम्हाला एक पूर्ण बैठक लागली.

मागच्या खेपेला ती अर्ध्या दोरीवरून परत फिरली होती. कान दुखले नव्हते, दमही संपला नव्हता. नुसती भीती वाटली होती. परीक्षेआधी त्या भीतीची एकदा निवांत गाठ घ्यावी, एवढेच तिचे म्हणणे. वर्षाची सगळी रजा तिने त्या परीक्षेसाठी राखून ठेवली होती.

आधी तिने शहरातल्या एका जलतरण तलावावर प्रयत्न केला. तिथे कोणी पाण्याखाली जरा जास्त वेळ राहिले की जीवरक्षक शिट्टी वाजवतो आणि वर आल्यावर हळूच विचारतो, "मॅडम, घरी काही टेन्शन आहे का?" तिसऱ्या शिट्टीनंतर त्याने तिला एका समुपदेशकाचा नंबर दिला.

मग उरली विहीर. आमच्या संस्थेचे अध्यक्ष शिवराज गोर्डे यांची बिडकीनच्या पुढे आत मोसंबीची बाग आहे आणि बागेत त्यांच्या वडिलांनी बांधून काढलेली रुंद तोंडाची, पायऱ्यांची विहीर आहे. विशाखाने थेट त्या वडिलांना, सांडूकाकांना, फोन लावला.

"ये की माय," सांडूकाका म्हणाले. "हीर काय कुठं पळून चालली व्हय? फकस्त दुपारच्याला ये. तवा ऊन पार खालपर्यंत जातं. नंतर लई अंधार पडतो आत."

सोबत अभय दाभाडे येणार होता. तो तिच्याच दवाखान्यात एक्स-रे काढतो, शहरातल्या छावणी भागात राहतो आणि अंदमानचे तेच शिक्षण त्यानेही घेतले आहे. व्यावसायिक मार्गदर्शक घ्यावा असे दोघांच्याही मनात होते. पण या शहरात नळ दुरुस्त करणारा मिळायची मारामार, तिथे हा कुठून मिळणार. म्हणून दोघांनी आपली योजना केली. ती इतकी लहान होती की चहा संपायच्या आत सांगून झाली. विहिरीवरच्या पंपाचा फ्यूज काढून अभयच्या खिशात ठेवायचा, म्हणजे पाण्यात करंट उतरण्याची भानगड नको. टायरची हवा भरलेली ट्यूब तरंगत ठेवायची, तिला वजन बांधलेली दोरी सोडायची. शिकलोय त्यापेक्षा कमीच खोल जायचे. आधी उगाच धापा टाकून श्वास भरायचे नाहीत. कान दुखला की परत. दोन बुड्यांमध्ये भरपूर विश्रांती. आणि सगळ्यांत मोठा नियम: एक वर, एक खाली. जो वर आहे त्याने खालच्याकडे बघायचे. दुसरे काहीही करायचे नाही. खालचा वर आल्यावरही बघतच राहायचे, कारण या खेळात माणूस फसतो तो बहुधा वर आल्यावर, पहिल्या दोन-चार श्वासांत. त्याने बोटांनी 'ठीक आहे' अशी खूण केली आणि ती आपण पाहिली, म्हणजे बुडी संपली.

एवढ्यावर हे प्रकरण मिटले असते. पण विशाखाचे संस्कार चांगले. विहीर ज्यांची, त्यांच्या मुलाला सांगून ठेवावे म्हणून ती शिवराजरावांकडे गेली.

शिवराजराव एका सरकारी कार्यालयात अधीक्षक आहेत. कोणत्याही कागदावर सही न करता तो कागद वर्षानुवर्षे जिवंत ठेवणे, ही त्यांची खासियत. त्यांनी सगळे शांतपणे ऐकून घेतले.

"विहीर आपलीच आहे, ताई. प्रश्न विहिरीचा नाही. प्रश्न असा आहे की मार्गदर्शक कोण?"

"मार्गदर्शक नाही, काका. आम्ही दोघं शिकलेले आहोत. एकमेकांकडे बघणार."

"म्हणजे मार्गदर्शनाशिवाय कार्यक्रम?"

"कार्यक्रम नाही हो. बुडी."

"बुडी तुमच्यासाठी. उद्या काही झालं तर पेपरात छापून येईल, 'अध्यक्षांच्या विहिरीत'. बघ, माझा उल्लेख आधी आला. तुझं नाव खाली, बारीक अक्षरात." त्यांनी चष्मा पुसला. "मी नाही म्हणत नाही. मी नाही कधीच म्हणत नाही. आपण हा विषय फक्त बैठकीत घेऊ."

सचिव राजनंदिनीताई पाथ्रीकर यांनी ग्रुपवर सूचना टाकली: 'रविवारी फ्री डायव्हिंगसंदर्भात तातडीची बैठक.' या संस्थेच्या इतिहासात गणसंख्या पहिल्यांदाच पूर्ण झाली. त्यामागे 'फ्री' हा शब्द होता. पहिलाच प्रश्न आला, फ्रीमध्ये जेवण धरलेले आहे का. विशाखाने समजावून सांगितले की इथे फ्री म्हणजे फुकट नव्हे, मोकळे. तेव्हा मागून विचारणा झाली की मोकळे म्हणजे कितपत, साडीवर चालेल का.

मग अध्यक्षांनी मूळ मुद्दा मांडला. मार्गदर्शक नाही.

सभागृहात, म्हणजे पार्किंगमध्ये, लोक एकमेकांकडे बघू लागले. इथे एक खुलासा आवश्यक आहे. ज्याला रस्ता माहीत असतो त्याला आपल्याकडे वाटाड्या म्हणतात. ज्याच्या हातात माइक असतो तो मार्गदर्शक. विशाखा 'मार्गदर्शक नाही' म्हणाली तेव्हा तिच्या डोक्यात वाटाड्या होता. ऐकणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर मात्र रिकामे व्यासपीठ, झाकलेला माइक आणि कोणाच्याही गळ्यात न पडलेला हार उभा राहिला. हळदीकुंकवापासून रक्तदानापर्यंत आपल्याकडे मार्गदर्शनाशिवाय काहीही झालेले नाही. बाईमाणूस विहिरीत उतरणार आणि त्याआधी कोणी चार शब्द बोलणारही नाही, ही कल्पना सगळ्यांनाच धोकादायक वाटली.

"भाऊंना बोलवू," एकाने सुचवले.

भाऊ म्हणजे विश्वजीतभाऊ औताडे, प्रभागाचे भावी नगरसेवक. गेली बरीच वर्षे ते भावीच आहेत.

"पण त्यांना फ्रीडायव्हिंग येतं का?" विशाखाने विचारले.

"अहो ताई, भाऊंचा पाण्यातला अनुभव केवढा. टँकर कोणाचे आहेत आपल्याकडे?"

ठराव सर्वानुमते मंजूर झाला. अशा रीतीने मार्गदर्शक मिळाल्यामुळे बुडी पुष्कळच सुरक्षित झाली आणि उरलेल्या सुरक्षिततेसाठी 'सुरक्षित बुडी नियोजन समिती' नेमण्यात आली.

समितीने पहिल्याच बैठकीत लाइफ जॅकेट सक्तीचे केले.

"लाइफ जॅकेट घातलं तर माणूस खाली जातच नाही," अभय म्हणाला. त्याला विशेष निमंत्रित म्हणून बोलावले होते, म्हणजे खुर्ची दिली होती आणि मत दिले नव्हते.

"तेच तर आम्हाला पाहिजे," शिवराजराव म्हणाले.

"मग बुडी कशी मारायची, काका?"

"हे बघा, तुमचा भर बुडीवर आहे, आमचा सुरक्षिततेवर. दोन्हींचा सुवर्णमध्य काढावा लागेल."

सुवर्णमध्य असा निघाला की जो खाली जाईल त्याला जॅकेटमधून सूट द्यावी, आणि जॅकेटांचे भाडे आधीच देऊन झाल्यामुळे ती वर राहणाऱ्या सर्वांनी घालावीत.

त्यानंतर एका अभ्यासू सभासदाने मुळालाच हात घातला. सगळा धोका खोलीमुळे आहे. खोलीच राहिली नाही तर धोका कुठून येणार? यास्तव पंप लावून विहिरीचे पाणी कमरेपर्यंत आणावे आणि उपसलेले पाणी भाऊंच्या टँकरने संस्थेच्या हौदात सोडावे. सुरक्षिततेच्या विषयाला त्या दिवशी जेवढा पाठिंबा मिळाला तेवढा ना आधी मिळाला होता ना नंतर मिळाला. काहींनी तर बुडी दर आठवड्याला ठेवा असे सुचवले. शिवराजरावांनी तिथल्या तिथे वडिलांना फोन लावून स्पीकरवर ठेवला.

"पानी उपसायचं?" सांडूकाका म्हणाले. "अन् बागंला काय तुमचं मार्गदर्शन पाजू व्हय?"

फोन बंद झाला. सूचना तूर्तास प्रलंबित ठेवण्यात आली.

तिसरी अडचण नियमांच्या वाचनात आली. विशाखाने साध्या मराठीत लिहून दिले होते की प्रत्येकाने जोडीदारासोबतच उतरावे. राजनंदिनीताईंनी ते माइकवरून वाचले. मागच्या रांगेत विशाखाची आजी, मनकर्णाबाई, लसूण सोलत बसली होती. तिचा हात थांबला.

"जोडीदार? कोनाचा?"

"माझा, आजी. हा अभय."

"कव्हापासून?"

"अगं, पाण्यापुरता."

"पान्यापुरता जोडीदार म्या या जल्मात पहिल्यांदाच ऐकला बाई." मनकर्णाबाईंनी अभयला नीट न्याहाळले. "गाव कोनतं रे बाबा तुझं?"

"वैजापूरकडचं, आजी."

"मामाचं?"

"फुलंब्री."

"हं. घरी कोन कोन असतं?"

सुरक्षेच्या बैठकीत ही चौकशी बरीच पुढे गेली. अभयने सगळी उत्तरे मान खाली घालून दिली. आजीने लसणाकडे परतताना शेरा मारला, "पोरगं बरं हाय." विशाखाने कपाळाला हात लावला.

समितीला मात्र यातून तांत्रिक पेच दिसला. अभय विवाहाने जोडीदार नाही, आणि संस्थेचा सभासदही नाही. बाहेरच्या माणसाच्या नजरेवर आपल्या सभासदाचा जीव कसा सोडायचा? म्हणून अकरा जणांची निरीक्षण उपसमिती स्थापन झाली. प्रत्येकाला छातीवर लावायला गोल बिल्ला मिळाला. मलाही मिळाला. माझा पिनेला जरा सैल होता.

"अकरा जणांची गरज नाही हो," विशाखा म्हणाली. "एकानं बघायचं. पण फक्त बघायचं."

"एकावर एवढी जबाबदारी टाकणं योग्य नाही. वाटून घेऊ," शिवराजराव म्हणाले.

जबाबदारी अकरा जणांत वाटल्यावर प्रत्येकाच्या वाट्याला इतकी बारीक आली की खिशात टाकली तरी जाणवेना. शिवाय कामाचे स्वरूप कोणाच्या पचनी पडत नव्हते. नुसते बघायचे? बोलायचे नाही, कोणाला सूचना द्यायच्या नाहीत, फोटो काढायचे नाहीत? हे काम आपल्या पदाला शोभत नाही असे प्रत्येकालाच वाटले. म्हणून एकाने बघता बघता अल्पोपहाराची व्यवस्था पाहण्याचे ठरवले, दुसऱ्याने पार्किंग, तिसऱ्याने पाहुण्यांचे स्वागत. बघणे हे सगळ्यांकडे अतिरिक्त कार्यभार म्हणून राहिले.

शेवटचा पेच विजेचा. पंपाचा फ्यूज काढला तर माइक कशावर चालणार? विशाखा या एका मुद्द्यावर दगडासारखी बसली. फ्यूज निघाल्याशिवाय मी पाण्याला पाय लावणार नाही, म्हणाली. माइकशिवाय मार्गदर्शन नाही आणि मार्गदर्शनाशिवाय विहीर नाही. सरतेशेवटी छावणीच्या बाजारातून डेकोरेशनवाल्याचा जनरेटर आणण्याचे ठरले. तो सुरू झाला की शेजारच्या माणसाचे बोलणे ऐकू येत नाही, अशी त्याची ख्याती होती. पण मार्गदर्शन ऐकू यावे अशी अट कुठेच नव्हती.

बैठक संपल्यावर विशाखा गेटपाशी अभयला म्हणाली, "सोडून देऊ का रे सगळं?"

"परीक्षा कधी आहे तुझी?"

"तीच तर पंचाईत आहे. दुसरी विहीर शोधायला वेळ नाही. आणि तशीच गेले तर पुन्हा अर्ध्यातून फिरेन. मला माहितेय."

"मग होऊ दे ना यार. तमाशा उनका, बुडी अपनी. मी पायरीवरून हलणार नाही. बस?"

"नक्की?"

"आजीची शपथ."

"माझ्या आजीची शपथ तू कशाला घेतोस?"

"आता ओळख झालीय," अभय म्हणाला.

ठरल्या रविवारी आम्ही सगळे बागेत दाखल झालो. नारिंगी जॅकेटे घालून मोसंबीच्या झाडांखाली बसलेली अख्खी संस्था लांबून पाहणाऱ्याला पूरग्रस्त वाटली असती. विहिरीच्या काठाशी मंडप होता, मंडपाला फलक होता. फलकावर भाऊंचा चेहरा जीपच्या टपाएवढा, त्याखाली 'यांच्या मार्गदर्शनाखाली' अशी अक्षरे, आणि अक्षरांच्याही खाली कोपऱ्यात विशाखाचा फोटो. तो आधार कार्डावरचा असल्यामुळे ती आत्ताच बुडून आल्यासारखी दिसत होती.

भाऊ यायचे होते. ते निघाले होते. ते बऱ्याच वेळापासून निघालेलेच होते. सांडूकाका कठड्याशी येऊन आत डोकावले.

"पोरी, ऊन चाललंय बघ वर. जायचं तर आत्ताच जा. पुन्हा काळोख होतो."

विशाखा शिवराजरावांकडे गेली. "काका, पाहुणे येईपर्यंत मी एक बुडी मारून घेते. फक्त एक."

"मार्गदर्शनाच्या आधी?"

"नंतर अंधारात मार्गदर्शन घेऊन काय करू?"

शिवराजरावांनी हो म्हटले नाही आणि नाही तर ते कधीच म्हणत नाहीत. तेवढ्या फटीतून ती सटकली. दोघे पायऱ्या उतरून गेले. अभयने फ्यूज काढून खिशात घातला, खिसा थोपटून तिला दाखवला आणि शेवटच्या पायरीवर कमरेइतक्या पाण्यात उभा राहिला. आम्ही अकरा जण बिल्ले सरळ करून वरच्या पायऱ्यांवर उभे राहिलो. ट्यूबला धरून ती बराच वेळ पाण्यावर पडून राहिली, डोळे मिटून, हलकेच श्वास घेत. मग एक मोठा श्वास घेतला, वाकली आणि दोरीच्या कडेने खाली गेली.

एवढ्यात बागेच्या फाट्याशी हॉर्न वाजला. एक नाही, पाच-सहा. भाऊंचा ताफा आला होता. डेकोरेशनवाल्याने जनरेटरला दोरी मारली आणि तो धडधडत जागा झाला. राजनंदिनीताईंनी माइक हातात घेतला आणि स्वतः रचलेली पाण्यावरची चारोळी म्हटली. तिच्यातला 'जीवन' एवढाच शब्द आमच्यापर्यंत पोचला. भाऊ पांढऱ्या कपड्यांत होते. त्यांना जॅकेट देण्यात आले. गळ्यात आधीच दोन हार असल्यामुळे जॅकेट हारांवरून घालावे की हार जॅकेटवरून, यावर कार्यकर्त्यांत दुमत झाले. शेवटी एक हार आत आणि एक बाहेर असा तोडगा निघाला. भाऊ त्यात इतके फुगले की हात जोडताना तळवे एकमेकांपर्यंत पोचेनात.

"कुठाय आपला तो तरुण?" भाऊंनी विचारले. "जोडीदार."

"खाली आहे, भाऊ. मंचावर बोलावू?"

दोनदा पुकारा झाला. अभय हलला नाही. तिसऱ्या पुकाऱ्याला त्याने नुसता हात हलवून नको म्हटले. भाऊ मनाने मोठे. ते म्हणाले, "तो येत नसेल तर मंच त्याच्याकडे जाईल." आणि सगळा मंच पायऱ्या उतरू लागला. पुढे भाऊ, मागे अध्यक्ष, त्यामागे ताट घेतलेल्या राजनंदिनीताई, फोटोग्राफर, फेटेवाला आणि लांबच लांब केबल ओढत माइकवाला. पायऱ्यांवर शेवाळ होते. प्रत्येकाने पुढच्याचे जॅकेट धरले होते. निरीक्षण उपसमितीने शिस्तीत बाजूला होऊन वाट करून दिली आणि मागोमाग तीही उतरली, कारण फोटो खाली होणार होता.

अभयच्या खांद्यावर शाल पडली.

"भाऊ, बाजूला व्हा ना प्लीज. मला दिसत नाहीये."

"तुम्ही दिसताय ना आम्हाला, झालं तर," फोटोग्राफर म्हणाला. "मान इकडं करा, दादा. जरा हसा."

फेटेवाल्याने त्याच्या डोक्याला पहिला वेढा दिला तो नेमका डोळ्यांवरून. फेटा बांधताना तसे होतेच; पाचव्या-सहाव्या वेढ्यानंतर कापड वर सरकवतात. अभय काहीतरी ओरडला, पण जनरेटर भरात होता. हातात नारळ आला, नारळावर पाकीट आले. मनकर्णाबाई एवढ्या पायऱ्या उतरून आल्या होत्या; त्यांनी त्याची शाल सारखी केली आणि लाडाने पाठीवरून हात फिरवला. "शोभतो बाई फेटा," त्या म्हणाल्या. मग भाऊंनी माइक घेतला.

"पाणी हा विषय माझ्या जिव्हाळ्याचा आहे," भाऊ म्हणाले. "मी आज या विहिरीच्या साक्षीनं शब्द देतो. माझ्या प्रभागात मी एकाही माणसाला बुडू देणार नाही."

टाळ्या झाल्या. कार्यक्रम कशाचा आहे हे भाऊंना गाडीत घाईघाईने सांगितले गेले असावे.

"कोणत्याही प्रश्नाच्या तळाशी गेल्याशिवाय मी स्वस्थ बसत नाही. वरवरचं काम मला जमत नाही. खोलात जा, तरुणांनो, खोलात जा." इथे त्यांनी हाताने खोली दाखवायचा प्रयत्न केला, पण जॅकेटमुळे हात छातीच्या खाली जाईना. पुन्हा टाळ्या झाल्या. मग गट फोटो. उंच माणसे मागे, बिल्लेवाले पुढे, भाऊ मध्ये. माझा बिल्ला गळून पायरीच्या फटीत गेला होता, तो शोधून लावेपर्यंत सगळे थांबले, ही त्यांची माणुसकी.

"आजी, टॉवेल दे."

आवाज समोरच्या बाजूने आला. विहिरीच्या पलीकडच्या कपारीवर विशाखा पाय सोडून बसली होती आणि केस पिळत होती. ट्यूब तिच्या शेजारी होती.

जनरेटर बंद करण्यात आला. अभयने दोन्ही हातांनी फेटा उपसून पाण्यात फेकला. त्याचा चेहरा त्या फेट्याहून पांढरा झाला होता.

"अगं, तू कधी आलीस?" राजनंदिनीताईंनी विचारले.

"झाला बराच वेळ."

शिवराजराव आमच्याकडे वळले. "निरीक्षण कोण करत होतं?"

"सगळेच करत होतो," आमच्यातला एक म्हणाला. हे खरेच होते. प्रत्येकाला बाकीच्या दहांची खात्री होती.

भाऊंनी परिस्थिती हातात घेतली. "म्हणजे सगळं सुखरूप पार पडलं. अभिनंदन, ताई. आता फक्त एक करा. फोटोत तुम्ही कुठंच नाही आलात. एकदा परत जाऊन या. या वेळेस आम्ही सगळे बघतो."

"नको, भाऊ. झालं माझं."

अभय कपारीपर्यंत पोहत गेला. नारळ अजून त्याच्या बगलेत होता. "सॉरी," तो म्हणाला. "मी हललो नव्हतो गं. त्यांनी मला फिरवलं."

"बघितलं मी."

"किती गेलीस?"

"दोरीच्या टोकापर्यंत."

"भीती?"

"खाली नाही वाटली. एकदम शांत होतं. ऊन येत होतं." तिने केस मागे टाकले. "वर आले, खूण केली, आणि बघितलं तर सगळ्यांच्या पाठी. हात तसाच धरून ठेवला थोडा वेळ. म्हटलं कोणीतरी वळेल. तेव्हा वाटली."

अभयने बगलेतला नारळ काढून कपारीवर ठेवला. सांडूकाकांनी मोसंब्यांची टोपली आणली. भाऊंना पुढच्या कार्यक्रमाला जायचे होते.

विशाखा परीक्षेला जाणार आहे. तिकडचे शिक्षक दोरीवर कान आणि डोळे लावून असतात, त्यामुळे तिला आता तळाची चिंता नाही. पण ती त्यांना फोन करून आधीच एक प्रश्न विचारते आहे असे कळते: तुमच्याकडे कोणाचा सत्कार तर नाही ना?

संस्थेच्या पुढच्या सभेत योग्य मार्गदर्शनाखाली बुडी सुरक्षित पार पडल्याबद्दल अभिनंदनाचा ठराव एकमताने संमत झाला. निरीक्षण उपसमितीचे कार्य पाहता तिला मुदतवाढ देण्यात आली.

हे वाचून तुम्ही आम्हाला हसाल, हे आम्ही गृहीत धरले आहे. हसा. अकरा माणसे बघायला उभी आणि एकाचेही लक्ष नाही, म्हणजे हद्द झाली. मात्र एक बाब नम्रपणे निदर्शनास आणावीशी वाटते. विशाखा पाण्याखाली गेली, हे वाक्य वर एका जागी स्पष्ट लिहिलेले आहे. त्यानंतर भाऊंचे हार, शाल, फेटा, भाषण, माझा पडलेला बिल्ला, सगळे तुम्ही मन लावून वाचलेत. ती वर येतानाचे वाक्य मी लिहिलेलेच नाही. आणि तुम्हीही ते मागितले नाहीत.